वाकळेतील तांबडा तुकडा

नवरात्र जवळ आले की निपाणीच्या आसपासच्या गावांत एक देखावा दरवर्षी पाहावयास मिळतो. घरातील सारे अंथरूण-पांघरूण बाहेर निघते, बायका ते डोक्यावर घेऊन वेदगंगेच्या किंवा दूधगंगेच्या काठी जातात आणि दुपारपर्यंत काठचे सारे खडक रंगीबेरंगी वाकळांनी झाकून जातात. पाण्याने जड झालेली वाकळ पिळणे हे एकट्या माणसाचे काम नव्हे. दोघीजणी दोन टोके धरून उलटसुलट पीळ घालतात, तेव्हा कोठे ती पाणी सोडते. वाचकहो, सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईश्वरज्ञान शिकलेल्या या लेखकाने तो देखावा पुष्कळ वर्षे केवळ डोळ्यांनी पाहिला. त्यात पाहण्यासारखे काय आहे, हे मात्र त्याला फार उशिरा कळले. ते कसे कळले, हेच आज सांगावयाचे आहे.

देशावर जिला गोधडी म्हणतात तिला आमच्या बेळगाव-निपाणीकडे वाकळ म्हणतात, कानडी बोलणारी शेजारीण तिलाच कौदी म्हणते. नावे निराळी, वस्तू एकच. जुने नऊवारी लुगडे हा तिचा पाया. त्यावर विटलेली धोतरे, मुलांचे सदरे, खणाच्या चोळ्या यांचे तुकडे पसरायचे आणि धावदोऱ्याने सारे एकजीव करायचे. इरकली लुगड्याचा काठ, गुळेदगुड्डचा खण, इचलकरंजीचे धोतर आणि बेळगावच्या शहापूर-वडगावच्या मागावरचे कापड एकाच वाकळेत शेजारी-शेजारी नांदताना मी पाहिले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि निपाणी एका राज्यात व हाकेच्या अंतरावरचे कागल दुसऱ्या राज्यात राहिले. पण वाकळेत ठिगळ घालताना ते सीमेच्या अलीकडचे की पलीकडचे, हे कोणा बाईने विचारल्याचे ऐकिवात नाही.

अलीकडे मात्र वाकळेचे दिवस पालटले आहेत. सुती लुगडी नेसणाऱ्या आज्या थोड्या राहिल्या. नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या सुईखाली निसटतात, घाम शोषत नाहीत आणि त्यांची ऊबही वेगळीच. बाजारात गुबगुबीत रग स्वस्तात मिळतो, मग महिनाभर सुई कोण चालवणार? हा विचार मनात घेऊन दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे चौदा बायका रविवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात जमू लागल्या. काही विड्या वळणाऱ्या, काही तंबाखूच्या वखारीत राबलेल्या, काही शेतकरी घरच्या. धर्मही एक नव्हे. एकत्र येणे या गावाच्या बायकांना नवे नाही. निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांनी संघटना उभारून संप केला, त्यावर दीपा धनराज यांनी ‘युगांतर’ या गटासह १९८२ साली ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. त्या ऊबेचा काही अंश या व्हरांड्यातही होता, असे मला वाटते.

पहिली चूक माझ्या हातून झाली. मंडळाला शिस्त हवी, म्हणून मी चौकटीचा कागद आणला, पट्टी-पेन्सिलीने एक सुबक नक्षी आखली आणि तिच्याबरहुकूम सर्वांनी शिवावे, असे सुचविले. फादरांचा शब्द कोण मोडणार? बायकांनी मुकाट्याने शिवले. चार महिन्यांनी चौदा वाकळा तयार झाल्या. त्या नीटनेटक्या होत्या, एकसारख्या होत्या आणि त्यांपैकी एकीकडेही कोणी दुसऱ्यांदा वळून पाहिले नाही. मंडळातील सर्वांत वडील आजी, जिने उभा जन्म वखारीत घालविला आहे, ती एवढेच म्हणाली, “फादर, ही वाकळ न्हवं. ह्ये वहीचं पान झालंय.”

आजीच्या बोलण्यातील मर्म मला वाचनातून उमगले. आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या रानातल्या तालुक्यांत सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीज व अरब व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे ते वंशज. गोव्यातून व इतर ठिकाणांहून निसटून कित्येकांनी पश्चिम घाटाच्या जंगलाचा आश्रय घेतला. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि आपले कॅथलिक बंधुभगिनीही आहेत. या स्त्रियांच्या वाकळेला कवंदी म्हणतात. युरोप-अमेरिकेत आधी वरचा पदर तुकडे जोडून पुरा करतात, मग मध्ये कापूस व खाली अस्तर घालून तिन्ही शिवतात. सिद्दी बाई असे करीत नाही. ती पायाच्या कापडाच्या एका कोपऱ्यापासून आरंभ करते, एक तुकडा ठेवते, धावदोरा घालते, त्याला लागून दुसरा ठेवते आणि कडेकडेने फिरत, आत आत येत, शेवटी मध्यभागी पोचते. जोडणे आणि शिवणे ही दोन कामे तिच्या हाती एकच होतात. पुढचा तुकडा कोणता, हे तिने कागदावर ठरविलेले नसते. मागचा तुकडा ते ठरवितो. चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेली त्रिकोणी ‘फुलां’ लावतात. त्यांच्यावाचून कवंदी नागडी, असे त्या मानतात. कोणाच्या कवंदीवर क्रूस दिसतो, कोणाच्या कवंदीवर चंद्रकोर.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील कला-इतिहासकार हेन्री ड्रेवल यांनी या कवंद्यांचा अभ्यास केला आणि त्यांच्या साहाय्याने २००४ साली सिद्दी स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली. त्यांची कवंदी पुढे अमेरिकेतील प्रदर्शनांपर्यंत पोचली. ज्यांना रानटी म्हणून हिणविले गेले, त्यांच्या ठिगळांपुढे शिकलेले लोक थबकून उभे राहिले, ही गोष्ट लहान नव्हे.

मी चौकटीचा कागद फाडून टाकला. मग मंडळाने एक खेळ योजला. देशोदेशीच्या अशा मंडळांत सर्वांना एकच कापड देऊन, ते ज्याने त्याने आपल्या कल्पनेने वापरावे, अशी पैज लावण्याची रीत आहे. आमच्या सभागृहाचा एक जाड तांबडा पडदा जुना झाला होता. त्याचे हात-हातभर चौदा तुकडे केले. नियम दोनच: तांबडा तुकडा पुरा वापरायचा, बाकी कापड आपल्या घरचे घ्यायचे. वाकळ तान्ह्या बाळाची, मुदत दोन महिन्यांची. परीक्षक म्हणून मी व शाळेचे चित्रकलेचे गुरुजी.

मुदत संपली त्या रविवारी व्हरांड्यात दोऱ्यांवर वाकळा टांगल्या, तेव्हा आम्ही दोघेही क्षणभर बोललो नाही. संकेश्वर माहेर असलेल्या एका बाईने तांबड्याच्या बारीक चिंध्या करून पांढऱ्या धोतरावर वाळत घातलेल्या मिरच्यांच्या ओळी उभ्या केल्या होत्या. एकीने तंबाखूच्या पानाच्या शिरा काढल्या होत्या. एकीने आपल्या मृत सासूच्या लुगड्याचा विरलेला काठ जेथे जेथे तुटला होता, तेथे तेथे तांबडे जोडून तो पुरा केला होता. सर्वांचे कापड एकच, पण चौघींची बुद्धी चार वाटांनी गेली होती.

आजीच्या वाकळेवर मात्र तांबडा ठिपकाही नव्हता. जुन्या निळ्या-करड्या लुगड्यांची ती साधी वाकळ. गुरुजींनी नियमभंग म्हणून ती हलकेच बाजूला ठेवली. आजी रागावली नाही. म्हणाली, “गुरुजी, वाकळ टांगून बघत न्हाईत. हातात घ्या की.” गुरुजींनी घेतली. मध्यभागी हाताला जाडी लागली. तांबड्या कापडाची चौपदरी घडी तिने आत घातली होती. “त्ये कापड लई पक्कं हाय. बाळाची पाठ टेकती तितं घातलंय. तुम्ही वापरा म्हनला, दिसाय पायजे असं कुठं म्हनला?”

आम्हां परीक्षकांपाशी उत्तर नव्हते. डोळ्यांना जे दिसते तेवढ्यालाच कला म्हणण्याची आमची सवय. बाळाच्या पाठीला जे कळेल त्याचा विचार आम्ही केला नव्हता. त्या दिवशी बक्षीस कोणालाच दिले नाही, सर्वांनी मिळून चहा घेतला. आपण हरलो, हे गुरुजींनी चहा घेताना मोकळेपणाने कबूल केले.

पण खरी कसोटी पुढेच होती. वाकळांची वार्ता ऐकून शहरातील एक व्यापारी आला. मिरच्यांची वाकळ त्याला फार आवडली. तशाच, अगदी तशाच, वीस वाकळा हव्यात. नगाला तीनशे रुपये देतो, म्हणाला. बायकांचे चेहरे उजळले. त्या रात्री दोघीतिघींनी हिशेब मांडला. रोज तीन तास बसले तर तान्ह्या बाळाच्या वाकळेला बारा दिवस लागतात. म्हणजे छत्तीस तास. तीनशेला छत्तीसांनी भागले तर तासाला सव्वाआठ रुपये हाती येतात. “इडी वळली तर ह्येच्यापेक्षा जास्त मिळतंय,” एक म्हणाली. दुसरी, जिच्या घरी नवरा अंथरुणाला खिळला आहे, म्हणाली, “मिळतंय त्ये सोडून काय करायचं?” दोघींचे म्हणणे खरे होते. जिने मिरच्या कल्पिल्या, ती मात्र गप्प होती, शेवटी बोलली, “एकदा मनात आलं तवा शिवल्या. वीस डाव तेच शिवलं तर त्या मिरच्या ऱ्हायच्या न्हाईत.”

हा पेच केवळ आमच्या गावाचा नव्हे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचा कृष्णवर्णीयांचा गाव आहे. एके काळी तेथे गुलामांच्या श्रमावर चालणारा कापसाचा मळा होता. १९६५ साली फ्रान्सिस वॉल्टर या एपिस्कोपल धर्मगुरूला त्या भागात एका घरापुढे दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या, आणि १९६६ साली तेथील स्त्रियांची ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था जन्मास आली. मोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या. पैसा आला, पण त्याबरोबर ‘सर्व नग एकसारखे हवेत’ ही अटही आली. घरी स्वतःसाठी शिवताना मात्र त्या बायका मनास येईल तशाच शिवीत राहिल्या. त्याच घरगुती गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात व नंतर न्यूयॉर्कमध्ये मांडल्या गेल्या, २००६ साली त्यांवर अमेरिकेची टपाल तिकिटे निघाली. पुढच्याच वर्षी काही शिवणारणींनी, आपल्या कामाचा योग्य मोबदला मिळाला नाही, म्हणून न्यायालयात दाद मागितली. २००८ साली ते प्रकरण मिटले. कीर्ती मिळाली म्हणजे न्याय मिळालाच असे नाही, हे त्यावरून दिसते.

मी हे सारे मंडळापुढे सांगितले, पण निर्णय त्यांच्यावरच सोपविला. एकदा चौकटीचा कागद आणून मी पुरेसे शिकलो होतो. त्यांनी व्यापाऱ्याकडे नगाला नऊशे मागितले. तो पुन्हा आला नाही. आठवडाभर व्हरांड्यात बोलणे कमी झाले. जिचा नवरा आजारी, ती दोन रविवार आलीच नाही. तिसऱ्या रविवारी आजी स्वतः तिच्या घरी गेली. मग मंडळाने असे ठरविले की, जुन्या फाटक्या वाकळा दुरुस्त करून देण्याचे काम गावातून घ्यायचे व ते आधी गरजवंतीला द्यायचे. नव्या वाकळेला किती तास लागले, हे वहीत लिहायचे आणि किंमत त्यावरून सांगायची. हुबेहूब नक्कल करण्यास कोणीही नकार देऊ शकेल. आणि प्रत्येकीने वाकळेच्या कोपऱ्यात आपले नाव दोऱ्याने घालायचे. तिघींना अक्षरओळख नव्हती. त्या आता नाव गिरवीत आहेत, पाटीवर नव्हे, कापडावर.

व्यवस्था अद्याप लंगडी आहे, हे कबूल केले पाहिजे. दुरुस्तीचे काम पावसाळा सरताना येते, उन्हाळ्यात आटते. तासांची वही मांडली तरी त्या भावाने घेणारे गिऱ्हाईक महिन्यातून एखादे. कित्येकींचे डोळे थकले आहेत, सुईत दोरा ओवण्यासाठी शाळेतील मुलींना बसवावे लागते. पण मुली बसतात, आणि बसल्या की विचारतात, आणि विचारल्या की आज्या सांगतात. काही घरांत वाकळ पुरी होताना शेवटच्या टाक्याआधी मध्यभागी भाकरीचा किंवा पोळीचा तुकडा ठेवण्याची चाल आहे, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. ही गोष्ट मला एका आठवीतल्या मुलीने सांगितली. तिला ती त्याच व्हरांड्यात कळली होती.

वाचकांना एवढीच विनंती आहे की, यंदा माळा आवरताना जुनी वाकळ हाती लागली तर ती पायपुसण्यासाठी फाडण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना, ही कोणी शिवली, एवढे विचारावे. नाव कळले तर कोपऱ्यात घालून ठेवावे.

आजीची ती निळी-करडी वाकळ तिच्या पणतीच्या वाट्याला गेली. गेल्या दसऱ्याआधी मी वेदगंगेच्या काठाने जात होतो, तेव्हा आजीची नातसून ती धुऊन खडकावर पसरीत होती. पोरीच्या लोळण्याने आणि धुण्याने वरचे लुगडे विरत चालले आहे. मध्यभागी, बाळाची पाठ टेकते तेथे, तांबडे कापड दिसू लागले होते.