एक सर्टिफिकेट, चार पत्ते: रिद्धपूरचं नाव कसंही लिहा

ज्यांचा भाग ऐकायचा राहिला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

आपल्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर, मराठी भाषा विद्यापीठाचं गाव. कोणी रिद्धपूर लिहितं, कोणी रिद्धपुर, महानुभावांच्या ग्रंथांत ऋद्धिपूर. इंग्रजी स्पेलिंगं आणखी वेगळी. आता समजा, गावातल्या पोरांनी यात्रेकरूंसाठी खोल्या बुक करायची वेबसाइट काढली. कोणी कसंही टाइप केलं तरी सापडावी म्हणून चार डोमेन घेतली. तीन मुख्य साइटकडे वळवली, पण सर्टिफिकेट एकाच नावाचं काढलं.

मग होतं काय? बाकीच्या तीन पत्त्यांवर येणाऱ्याला ‘कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा दिसतो. तुम्ही म्हणाल, “आपण तर वळवलंय ना?” हो, पण ब्राउझर आधी सर्टिफिकेट तपासतो. ‘तिकडे जा’ हा सर्व्हरचा निरोप त्यानंतर येतो. दारातच अडवलं, तर निरोप पोचणार कसा?

यावर उपाय म्हणजे मल्टी-डोमेन सर्टिफिकेट. रेशनकार्ड आठवा: कार्ड एक, पण घरातल्या प्रत्येकाचं नाव त्यावर लागतं. तशीच सर्टिफिकेटात नावांची यादी असते, तिला ‘सॅन’ म्हणतात. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था फुकट सर्टिफिकेट देते आणि एकात 100 नावं बसतात. मात्र प्रत्येक डोमेन तुमच्याच ताब्यात आहे, हे वेगवेगळं सिद्ध करावं लागतं.

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, ‘वाइल्डकार्ड’ इथे पुरत नाही. ते एकाच डोमेनच्या पोटातले पत्ते सांभाळतं, वेगळ्या स्पेलिंगचं डोमेन नाही.

दोन, ‘डॉट भारत’चं देवनागरी डोमेन असेल, तर सर्टिफिकेटात त्याचं रोमन अक्षरांतलं सांकेतिक रूप जातं. ते विचित्र दिसलं तरी घाबरू नका.

तीन, नवं नाव नंतर चिकटवता येत नाही. पूर्ण यादीसह नवं सर्टिफिकेट काढावं लागतं. शिवाय सगळ्यांची गुप्त किल्ली एकच, ती फुटली तर चारही पत्ते धोक्यात.

एवढी खटपट कशाला? कारण गावच्या साइटवर रोज इशारा दिसला, की लोकांना तो ओलांडून पुढे जायची सवय लागते. उद्या खऱ्या भामट्याच्या साइटवरही ते तसेच पुढे जातील आणि पैसे भरून मोकळे होतील. आणि हो, इशारा नाही म्हणजे मालक प्रामाणिक, असंही नाही. सर्टिफिकेट पत्त्याची खात्री देतं, नियतीची नाही.

तुमच्याकडे दोन-तीन डोमेन असतील, तर आज प्रत्येक पत्ता मोबाइलवर उघडून पाहा. भेटू पुढच्या भागात!