पलटणीतून घरी येणाऱ्याची वाट

मायबाप हो, आज फौजेतून घरी परतणाऱ्या माणसाविषयी दोन शब्द बोलायचे आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या दिंड्यांत एखाद्या पताकावाल्याला सहज विचारा, ‘बाबा, आधी काय करत होतात?’ पुष्कळदा उत्तर येतं, ‘पलटणीत होतो.’

आणि ज्या शिस्तीनं आपण माउलींच्या पालखीबरोबर चालतो, ती शिस्त लावणारा माणूसही फौजेतलाच, बरं का! हैबतबाबा आरफळकर. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे पवार, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. चाकरी झाली, कनवटीला पैसा बांधला आणि गावाकडे निघाले. सातपुड्याच्या रानात लुटारूंनी गाठलं, गुहेत कोंडलं. परंपरा सांगते की बाबांनी तिथं हरिपाठ धरला. एकवीस दिवस झाले आणि लुटारूंच्या नायकाला पुत्र झाला. ही या भक्ताचीच पुण्याई, असं मानून त्यानं बाबांना सन्मानानं सोडलं. सुटले ते आळंदीला आले आणि माउलींपाशीच राहिले.

मग सुमारे १८३२ साली पालखीचा स्वतंत्र सोहळा उभा राहिला. त्याआधी माउलींच्या पादुका तुकोबारायांच्या पालखीबरोबर जात. बाबांनी काय केलं, तर जन्मभर जे शिकले तेच देवाच्या पायाशी आणून ठेवलं. रथापुढे दिंड्या, रथामागे दिंड्या, प्रत्येकीला क्रमांक. दुपारी विसावा, सांजेला तळ. चोपदार, कर्णा, नगारा, घोडे. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे-तंबू दिले; आजही अश्व अंकलीहूनच येतात. हा सगळा थाट लष्कराचाच! फरक इतकाच, की इथं तलवारीच्या जागी टाळ आला.

आता कोणी शिपाईगडी म्हणेल, ‘महाराज, हैबतबाबा घरी गेलेच नाहीत, मग मीही जाऊन आळंदीत बसतो.’ नको रे बाबा! तुझी बायको पंधरा वर्षं एकटी नांदली, तिला हे सांगून बघ. जवानाला पेन्शन बसायला पंधरा वर्षं नोकरी लागते. अठरा-विसाव्या वर्षी भरती झालेला गडी पस्तिशी-चाळिशीत मोकळा होतो. हे काय म्हातारपण आहे? पोरं शाळेत, आईबाप थकलेले, शेतावर भावाचा वहिवाट. २०२२ पासून जे अग्निवीर म्हणून जातात, ते तर चार वर्षांनी परततात. जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे कायम होतो. म्हणजे बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर पुन्हा दारात उभे.

आणि दारात उभं राहिलं की खरी गंमत सुरू होते. सुट्टीवर यायचा तेव्हा पाहुणा होता. महिनाभर सगळे त्याच्या मनासारखं करायचे. आता कायमचा आला, तर सकाळी पाचला पोरांना उठवतो, भांड्यांची जागा बदलतो, बायकोला हिशेब विचारतो. त्याला वाटतं मी शिस्त लावतो. तिला वाटतं, इतकी वर्षं घर मी चालवलं ते काय बेशिस्तीनं? दोघंही खरंच बोलतात, म्हणून तर भांडण मिटत नाही. मग हा गडी पारावर नाहीतर बाटलीपाशी जाऊन बसतो. गावोगावी दिसतं हे, लपवायचं कशाला?

तर हैबतबाबांच्या शिस्तीतली एक खूण अशा माणसानं नीट बघावी. संध्याकाळी तळावर समाज आरती असते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप उंच करतो आणि क्षणात सगळं शांत. फौजेतला माणूस हे बघून खूश होतो. म्हणतो, हुकूम असावा तर असा! अरे, पण थांब. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी गप्प होत नाही. तिचा टाळ वाजतच राहतो. मग चोपदार तिच्यावर ओरडतो का? नाही. तो स्वतः त्या दिंडीपाशी चालत जातो, गाऱ्हाणं ऐकतो, तोड काढतो. तिचा टाळ थांबल्यावरच पुढचं काम चालतं.

घरी स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला, तर तो टाळ समजा. उठून आत जा आणि आधी विचारा. शेताचं, पोरांच्या शाळेचं, बँकेचं जे ती बघत होती, ते लगेच हातातून काढून घेऊ नका. वर्षभर तिच्या हाताखाली शिका. आणि माउल्यांनो, तुम्हीही त्याला एखादं काम पूर्ण सोपवा. पंधरा वर्षं ज्याचा प्रत्येक तास ठरलेला होता, त्याला रिकामा दिवस खायला उठतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ओळखपत्राचं, मुलांच्या शिष्यवृत्तीचं काम असतं, तिथं दोघांनी मिळून जा.

कार्तिकीला आळंदीला गेलात, तर महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. यात्रेची सुरुवात तिच्याच पूजनानं होते. तिथं माथा टेकवताना यंदा घरच्यांनाही बरोबर न्या.