विश्लेषण : ना क्लच, ना गिअर, ना आवाज… पेट्रोल, हायब्रिड आणि ईव्ही चालवताना नेमका फरक काय जाणवतो?

ईव्ही घ्यावी की हायब्रिड, की पेट्रोलच बरी, ही चर्चा बहुतेक घरांत किंमत, मायलेज आणि चार्जिंग यांभोवती फिरते. गाडी घरी आल्यावर मात्र रोज गाठ पडते ती पायाखालच्या पेडलशी. पाय उचलला की गाडी किती थांबते, घाट उतरताना ब्रेक कसे लागतात, मागच्या सीटवरच्यांना मळमळते का, हे प्रश्न ब्रोशरमध्ये नसतात. वर्षानुवर्षे पेट्रोल गाडी चालवून अंगवळणी पडलेल्या काही सवयी नव्या गाडीत उपयोगाच्या राहत नाहीत, तर काही धोक्याच्याही ठरू शकतात.

सिग्नल सुटताच ईव्ही इतकी पटकन का उसळते?

मारुती स्विफ्टच्या सध्याच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाचा कमाल टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, सुमारे ११२ न्यूटन-मीटर आहे. टाटा टियागो ईव्हीच्या मोठ्या बॅटरीच्या प्रकारात हाच आकडा ११४ आहे. कागदावर दोन्ही जवळपास सारख्या, पण चालवताना फरक लगेच कळतो.

कारण स्विफ्टच्या इंजिनाला हा जोर गाठायला मिनिटाला सुमारे ४,३०० फेरे घ्यावे लागतात. तोपर्यंत इंजिनाला ‘चढावे’ लागते, क्लच सोडावा लागतो, गिअर बदलावे लागतात आणि प्रत्येक गिअरला जोर क्षणभर तुटतो. टर्बो इंजिनात टर्बो फिरू लागेपर्यंतचा आणखी एक विलंब असतो. विजेच्या मोटारीत मात्र पूर्ण टॉर्क जवळजवळ शून्य फेऱ्यांपासून मिळतो आणि बहुतेक ईव्हींना एकच गिअर असतो. त्यामुळे पाय दाबणे आणि गाडी हलणे यांत अंतरच उरत नाही.

पेट्रोल गाडीचा पहिला गिअरही हा जोर बराच वाढवून चाकांपर्यंत पोहोचवतो, हे खरे. म्हणजे ईव्हीत ‘ताकद’ फार जास्त असते असे नाही. ती वाट न पाहता आणि न तुटता मिळते, हा फरक आहे. ठाणे, हिंजवडी किंवा मुंबईच्या पश्चिम द्रुतगती मार्गावरच्या ताशी १० किलोमीटरच्या वाहतुकीत तो सर्वाधिक जाणवतो. हाफ क्लचवर तासभर तोललेला डावा पाय इथे मोकळा राहतो.

मग महामार्गावरही ईव्हीच वरचढ का नाही?

शून्य ते ६० हा ईव्हीचा खास प्रांत. त्यापुढे चित्र बदलते. मोटारीचे फेरे वाढतात तसा एका टप्प्यानंतर टॉर्क उतरू लागतो. लहान ईव्हींत तर ताशी ८०-९० नंतर ओव्हरटेक करताना सुरुवातीची ती उसळी राहत नाही. पेट्रोल गाडीत चालक अशा वेळी एक गिअर खाली टाकून इंजिनाला जोरात आणतो. बहुतेक ईव्हींत ती सोयच नसते. अधिक शक्तीच्या ईव्हींना ही अडचण येत नाही. महिंद्रा बीई ६च्या मोठ्या बॅटरीच्या प्रकारात मोटारीची शक्ती २१० किलोवॉट आहे.

दुसरा मुद्दा हवेचा. वेग ८० वरून १०० वर नेला की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक वाढतो. तो सगळ्याच गाड्यांना सारखाच भोवतो. पण पेट्रोल इंजिन शहरात इतके इंधन वाया घालवते की महामार्गावर त्याचे मायलेज उलट सुधारते. ईव्ही शहरातच काटकसरी असल्याने महामार्गावर तिची रेंज डोळ्यांदेखत घटते. त्यामुळे द्रुतगती मार्गावर ईव्ही चालवणाऱ्याची नजर रस्त्याइतकीच उरलेल्या टक्क्यांकडेही जाते. हाही चालवण्याच्या अनुभवाचाच भाग आहे.

अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलताच गाडी का थांबू लागते?

याला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात, बोलीभाषेत नुसते ‘रिजन’. पाय उचलला की तीच मोटार जनरेटर बनते, चाकांची गती ओढून घेते आणि ती वीज बॅटरीत भरते. पेट्रोल गाडीतही पाय उचलला की इंजिन ब्रेकिंग होते, पण ते सौम्य असते. ईव्हीत रिजनची पातळी बहुतेक वेळा निवडता येते. सर्वांत तीव्र पातळीवर केवळ एका पेडलने गाडी पळवता आणि जवळजवळ थांबवताही येते.

सवय व्हायला काही दिवस लागतात. सुरुवातीला अनेक जण जुन्या सवयीने पाय झटकन उचलतात आणि गाडी गचका देते. इथे पाय उचलायचा नसतो, हळूहळू सैल करायचा असतो. दुसरी अडचण ब्रेक पेडलची. ते दाबले की आधी रिजन आणि मग डिस्क किंवा ड्रम, अशी विभागणी गाडीतला संगणक करतो. काही गाड्यांत हा सांधा पायाला कळतो. शेवटच्या काही फुटांत ब्रेक अचानक घट्ट किंवा सैल झाल्यासारखा वाटतो. तो बिघाडच असेल असे नाही, पण टेस्ट ड्राइव्हमध्ये तो तपासायलाच हवा.

हायब्रिड म्हणजे पेट्रोल आणि ईव्हीच्या मधली गाडी का?

सगळ्या हायब्रिड तशा नाहीत, आणि ग्राहकांची सर्वाधिक गल्लत इथेच होते. ‘माइल्ड’ किंवा ‘स्मार्ट’ हायब्रिड म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांत मोटार इंजिनाला थोडा हातभार लावते. केवळ विजेवर ती गाडी चालत नाही. अशी गाडी चालवताना ती पेट्रोल गाडीच वाटते, कारण ती पेट्रोल गाडीच असते.

स्ट्राँग हायब्रिडचे तसे नाही. २०२२ मध्ये आलेल्या मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारांत, तसेच इनोव्हा हायक्रॉसमध्ये टोयोटाची जुनी, १९९७ च्या प्रियसपासून चालत आलेली पद्धत आहे. त्यात इंजिन आणि दोन मोटारी एका ग्रहमालेसारख्या गिअरसंचाने जोडलेल्या असतात. गाडी विजेवर शांतपणे निघते आणि गरज पडली की इंजिन आपोआप सुरू होते. होंडा सिटीच्या हायब्रिडमध्ये शहरात चाके बहुतांश वेळ मोटारच फिरवते आणि इंजिन वीज तयार करते. महामार्गाच्या वेगाला मात्र इंजिन थेट चाकांना जोडले जाते.

या गाड्यांत नेहमीचे गिअर नसल्याने एक वेगळीच गोष्ट जाणवते. जोरात पाय दाबला की इंजिनाचा आवाज एकदम वर जातो आणि तिथेच टिकून राहतो, गाडीचा वेग मात्र मागून येतो. पेट्रोल गाडीत आवाज आणि वेग हातात हात घालून चढतात. कान त्यालाच सरावलेले असल्याने ‘इंजिन उगाच ओरडतेय’ असे वाटते. प्रत्यक्षात संगणकाने इंजिनाला त्याच्या कार्यक्षम फेऱ्यांवर ठेवलेले असते.

मे महिन्यात आणखी एक फरक कळतो. सिग्नलला इंजिन बंद करणाऱ्या अनेक पेट्रोल आणि माइल्ड हायब्रिड गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन थांबले की थोड्याच वेळात गरम हवा येऊ लागते. स्ट्राँग हायब्रिड आणि ईव्हीत कॉम्प्रेसर विजेवर चालत असल्याने इंजिन बंद असतानाही गारवा टिकतो.

घाटात कोणती गाडी कशी वागते?

खरी परीक्षा घाटात होते. खोपोली ते खंडाळा या टप्प्यात साधारण ५०० मीटरची चढण आहे. माणसांसह १,६०० किलो वजनाची गाडी एवढी उंच नेण्यासाठी घर्षण आणि हवेचा विरोध सोडूनही सुमारे २.२ युनिट ऊर्जा लागते. २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीच्या ३०.२ युनिटच्या बॅटरीचे हे ७ टक्के झाले. चढताना ईव्ही दमत नाही, गिअरही शोधत नाही, पण टक्के झरझर उतरतात. उतरताना त्यातला बराच भाग परत मिळतो.

हायब्रिडचे गणित वेगळे. ग्रँड व्हिटारा हायब्रिडची बॅटरी जेमतेम ०.७६ युनिटची आहे. चढाला लागणारी दोन युनिटे ती देऊ शकत नाही. त्यामुळे चढाच्या सुरुवातीलाच बॅटरी खाली येते आणि पुढचा बहुतेक भार इंजिनावर पडतो. शहरात शांत वाटणारी गाडी घाटात आवाज करते ती यामुळे. उतारावर उलटा प्रकार होतो. लहान बॅटरी लवकर भरते आणि मग रिजनला जागाच उरत नाही. अशा वेळी टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये गिअर लिव्हरवरचा ‘बी’ वापरायचा असतो. त्यात इंजिन मोठ्याने फिरून गाडीला रोखते. आवाज ऐकून घाबरण्याचे कारण नाही.

ईव्हीचालकांनी घाटासाठी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पहिली, महाबळेश्वर-पाचगणीला हॉटेलवर बॅटरी शंभर टक्के भरून पसरणीचा घाट उतरायला घेतला, तर सुरुवातीला रिजन फारच कमी मिळते किंवा मिळतच नाही. आदल्या दिवशी पाय उचलताच थांबणारी गाडी आज तशीच पुढे घरंगळते. घाटमाथ्यावरून निघताना बॅटरी ८०-९० टक्क्यांवर ठेवणे शहाणपणाचे. दुसरी, उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची जुनी सवय सोडावी. ईव्हीत न्यूट्रल म्हणजे रिजन बंद. वीजही गेली आणि ताबाही गेला. आजच्या पेट्रोल गाड्यांतही गिअरमध्ये राहून पाय उचलला की इंधनपुरवठा बंद होतो. म्हणजे न्यूट्रलने तिथेही काही वाचत नाही, वाढतो तो फक्त धोका.

वजन जास्त, मग स्थिर की जड?

दोन्ही. बॅटरीमुळे ईव्ही त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा साधारण दीडशे-दोनशे किलो किंवा त्याहून अधिक जड असते. पण हे वजन फरशीखाली, जमिनीलगत असल्याने वळणावर गाडी कमी झुकते आणि वेगात रस्त्याला धरून राहते. हेच वजन पेलायला सस्पेन्शन कडक ठेवावे लागते. त्यामुळे कमी वेगात खड्डे आणि स्पीडब्रेकर अधिक आदळतात. इंजिनाचा आवाज नसल्याने टायरचा, वाऱ्याचा आणि डॅशबोर्डच्या कुरकुरीचा आवाजही जास्त ऐकू येतो. जास्त वजन आणि तात्काळ टॉर्क यांमुळे टायरही लवकर झिजतात. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर ‘स्पोर्ट’ मोड टाळणेच बरे.

मागच्या सीटवर मळमळ का होते?

चालकाला गाडी केव्हा वेग घेणार किंवा मंदावणार हे आधीच ठाऊक असते. प्रवाशाला तो अंदाज इंजिनाच्या आवाजावरून आणि गिअर बदलण्यावरून येतो. ईव्हीत हे दोन्ही संकेत नाहीसे होतात आणि तीव्र रिजनमुळे मंदावणे वरचेवर घडते. शरीराला जाणवणारी हालचाल आणि मेंदूचा अंदाज जुळला नाही की मळमळ वाढते. उपाय गाडीत नसून चालकाच्या पायात आहे. घरची मंडळी सोबत असतील तर रिजन खालच्या पातळीवर आणि मोड ‘इको’वर ठेवावा. पुणे-नगर मार्गावर १ जून २०२२ ला सुरू झालेल्या एसटीच्या ‘शिवाई’ने किंवा बेस्टच्या विद्युत बसने प्रवास केलेल्यांना ही जाणीव ओळखीची असेल. तिथेही चालकाचा पाय हलका असेल तर प्रवास सुखाचा होतो.

शांतता फायद्याची की धोक्याची?

गाडीत बसलेल्यांसाठी सुखाची, रस्त्यावरच्यांसाठी नेहमीच नाही. आपल्याकडे पादचारी गाडी पाहण्याआधी ऐकतो. सोसायटीच्या आवारात खेळणारी मुले, ज्येष्ठ आणि विशेषतः दृष्टिहीन यांच्यासाठी ताशी १०-१५ किलोमीटरने मागून येणारी नि:शब्द गाडी धोक्याची ठरते. युरोपीय संघात जुलै २०२१ पासून नव्या ईव्ही आणि हायब्रिडना ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगात कृत्रिम आवाज करणे बंधनकारक आहे. भारतातही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये ईव्हींसाठी अशा नियमाचा मसुदा आणला. ताशी ३०-४० नंतर टायरचा आवाज ऐकू येऊ लागतो, म्हणून प्रश्न आहे तो पार्किंग आणि गल्लीबोळांचा.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी?

शोरूमपासून सपाट रस्त्यावरची १० मिनिटांची फेरी पुरेशी नाही. त्या १० मिनिटांत ईव्हीची उसळी मन जिंकते आणि बाकीचे प्रश्न राहून जातात. शक्यतो पुढील गोष्टी आवर्जून करून पाहाव्यात.

- गर्दीच्या वेळी कोंडीत किमान अर्धा तास चालवा. गाडी सरकवताना गचके बसतात का, ते पाहा.
- चढावर थांबून पुन्हा निघा. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार उतरा आणि रिव्हर्सही घ्या.
- रिजनच्या सर्व पातळ्या बदलून पाहा. ब्रेक हळू आणि जोरात, दोन्ही प्रकारे दाबून पाहा.
- ताशी ८० वरून १०० वर जायला किती वेळ लागतो, ते सुरक्षित रस्त्यावर तपासा. हायब्रिड असेल तर याच वेळी इंजिनाचा आवाज ऐका.
- स्वतः चालवून झाल्यावर मागच्या सीटवर बसा आणि घरातल्या दुसऱ्याला चालवू द्या.

घरात एक पेट्रोल आणि एक ईव्ही अशा दोन गाड्या असतील, तर अधिक काळजी घ्यावी. रिजनला सरावलेला पाय पेट्रोल गाडीत ब्रेकवर उशिरा जातो. गाडी बदलली की पहिले दोन-तीन किलोमीटर पुढच्या वाहनापासून जास्त अंतर राखणे, हा त्यावरचा सोपा उपाय.

थोडक्यात, रोजचा प्रवास शहरातला आणि घरी चार्जिंगची सोय असेल तर ईव्ही चालवण्याचा थकवा सर्वांत कमी. शहर आणि लांबचा पल्ला दोन्ही असेल, पण चार्जिंगची खात्री नसेल, तर स्ट्राँग हायब्रिड सोयीची. गिअर स्वतः टाकण्यात ज्यांना आनंद वाटतो आणि ज्यांचे फिरणे मुख्यतः महामार्गावर असते, त्यांना पेट्रोल गाडी अजूनही जवळची वाटेल. निवड कोणतीही असो, परवाना तोच राहतो, पण पायाची सवय नव्याने लावावी लागते.