वऱ्हाडांतील व्हर्बीना

दसरा सरला कीं अमरावती-अकोल्याच्या बंगल्यांतून हंगामी फुलांचे वाफे तयार होऊं लागतात. त्यांत पहिला मान झेंडू-शेवंतीचा. व्हर्बीनाकडे थोड्यांचेंच लक्ष जातें. मूळची ही दक्षिण अमेरिकेची. तथापि तिचें कूळ आपणांस अपरिचित नाहीं. मेळघाटाच्या वाटेवर फुललेली घाणेरी ही तिची चुलत बहीणच. घाणेरीचा दांडगेपणा मात्र सुदैवानें हिच्या अंगीं नाहीं.

व्हर्बीना दगावते ती बहुधा पायाखालच्या मातीनें. वऱ्हाडची काळी जमीन कपाशीची माउली खरी, पण ओली झाली कीं ती फुगते व मुळांना हवा मिळेनाशी होते. वाळली कीं भेगाळते व मुळें तुटतात. म्हणून वाफा वीतभर उंच करून त्यांत जाड वाळू व मुरलेलें शेणखत मिसळावें. कुंडींत नुसती काळी माती कधींही भरूं नये.

त्याहून अवघड प्रश्न पाण्याचा. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील विहिरीचें पाणी कुंडीला रोज थोडें थोडें घातलें, तर पाणी उडून जातें आणि क्षार मागें राहतात. पानांच्या कडा करपतात, कुंडीच्या कांठावर पांढरा थर धरतो. माळी म्हणतो ऊन लागलें. मालक आणखी तेंच पाणी घालतो. आणि रोप हकनाक मरतें! काटेपूर्णा किंवा ऊर्ध्व वर्धा धरणाचें नळाचें पाणी यासाठीं बरें, पण तें जपून वापरावयाचें; तेव्हां कुंड्या पाणी पुरेल तितक्याच मांडाव्या. घातलेलें पाणी तळाच्या भोंकांतून निथळलें पाहिजे.

बीं पाऊस ओसरल्यावर पेरावें. तें उगवावयास दोन-तीन आठवडे घेतें. कित्येक लोक त्यापूर्वींच निराश होऊन वाफा उकरून टाकतात! रोपें वीतभर अंतरानें उन्हांत लावून शेंडे खुडावे, म्हणजे फुटवे येतात. दाटी झाली कीं पानांवर भुरी पडते. सुकलेले गुच्छ कापीत गेल्यास मार्चपर्यंत बहर टिकतो.

पुढें वैशाखाच्या उन्हांत रोपें जगविण्याचा अट्टाहास करूं नये. तीं उपटावीं आणि रिकाम्या कुंड्या आगोटाला उघड्यावर ठेवाव्या. पावसाच्या पाण्यानें सांचलेले क्षार धुऊन निघतात.