युरिया-द्रावण गाळतांना कोंडणारी हवा

बारामती व इंदापूर तालुक्यांतील ज्या बागाइतदारांनीं गेल्या कांहीं वर्षांत नवा मालट्रक घेतला आहे, त्यांच्या वस्तीवर डिझेलच्या डब्याशेजारीं आणखी एक प्लॅस्टिकचें पिंप येऊन बसलें आहे. ता. १ एप्रिल २०२० पासून नव्या मोटारगाड्यांस भारत स्टेज सहा हे धुराविषयींचे निर्बंध लागू झाले. तेव्हांपासून बहुतेक जड डिझेल गाड्यांना धूर निर्दोष करण्याकरितां युरियाचें द्रावण बाळगावें लागतें. बाजारांत त्यास डीईएफ म्हणतात, कोणी ॲडब्लू म्हणतात. ड्रायव्हर मंडळी सरळ 'युरिया' म्हणतात, आणि निम्मी गफलत या शेवटच्या नांवानेंच होते.

ट्रॅक्टरवाल्या बंधूंनीं मात्र लगेच घाबरून जाण्याचें कारण नाहीं. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांस नवे निर्बंध ता. १ जानेवारी २०२३ पासून लागले, तरी त्यांपैकीं पुष्कळांना हें द्रावण लागत नाहीं. गाडीवर निळ्या झांकणाची स्वतंत्र टाकी असेल तरच पुढील मजकूर त्यांच्या कामाचा आहे. परंतु ऊंस माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर वा बिजवडीच्या कारखान्याकडे ट्रकनें घालणारे, अगर इंदापुरचीं डाळिंबें वाशीच्या बाजारांत पाठविणारे जे आहेत, त्यांनीं तो लक्षपूर्वक वाचावा. भरल्या उंसाची गाडी द्रावणाच्या दोषामुळें रस्त्यांत थंडावली, म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाबरोबर उंसाचें वजनहि दर प्रहरास घटत जातें, आणि तें नुकसान कोणी भरून देत नाहीं.

या द्रावणाचें काम असें. इंजिनांतील अतिउष्णतेनें हवेंतील नत्र व प्राणवायु यांचा संयोग होऊन नत्राचे विषारी वायु बनतात व ते धुराबरोबर बाहेर पडतात. धुराच्या नळींत युरियाचें द्रावण बारीक तुषारांनीं मारलें, कीं उष्णतेनें युरियाचा अमोनिया होतो. पुढें एका जाळीदार पेटींतील विशिष्ट लेपावर हा अमोनिया व ते विषारी वायु एकत्र येऊन निरुपद्रवी नत्रवायु व पाण्याची वाफ तयार होते. म्हणजे द्रावण इंजिनांत जळत नाहीं. तें डिझेलमध्यें मिसळावयाचेंहि नाहीं. खर्च म्हणावा तर डिझेलच्या शेंकडा ३ ते ६ इतका.

द्रावणांत शेंकडा ३२.५ भाग शुद्ध युरिया व बाकी क्षाररहित केलेलें पाणी असतें. हें वाचून आमच्या एखाद्या हिशेबी वाचकाच्या मनांत सहजच येईल, कीं युरियाची गोणी तर घरांत आहे! हा विचार दोन कारणांनीं सोडला पाहिजे. पहिलें असें, कीं खताच्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो. २०१५ सालापासून देशांत तयार होणारा सर्व शेतीचा युरिया असा लेपित करण्याचा हुकूम आहे. तें तेल व खतांतील इतर अशुद्ध द्रव्यें त्या जाळीदार पेटीस मारक आहेत. बायुरेट नांवाचें द्रव्य खतांत शेंकडा दीडपर्यंत चालतें, तर गाडीच्या द्रावणांत शेंकडा ०.३ पलीकडे चालत नाहीं. दुसरें कारण कायद्याचें आहे. सरकारी मदतीनें स्वस्त मिळणारा युरिया शेतीखेरीज अन्य कामीं लावणें हा १९८५ च्या खत नियंत्रण हुकुमाखालीं गुन्हा आहे. बांधावर उघड्या कॅनमधून स्वस्त द्रावण विकणारा कोणी भेटला, तर त्याचा माल कोठून आला हा प्रश्न आपण आधीं विचारावा.

पाण्याची गोष्ट तर आमच्या भागास विशेषच लागू आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला, व बागाइतीबरोबर काळ्या जमिनींत पाणी मुरून क्षार वर येऊं लागले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं आपल्या सहकाऱ्यासह नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींचा अभ्यास १९१० सालींच प्रसिद्ध केला होता. त्या जमिनींखालच्या विहिरींचें पाणी किती जड असतें, हें ज्यांच्या ठिबकच्या तोट्या पांढऱ्या पडतात त्यांना सांगावयास नको. आतां हिशेब पाहा. गाडीच्या द्रावणांत चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, दर किलोस अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक असूं नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मॅग्नेशियम, सोडियम व पोटॅशियम यांनाहि प्रत्येकीं हीच मर्यादा आहे. समजा, विहिरीच्या पाण्यांत दर लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. असें एक लिटर पाणी २०० लिटरच्या पिंपांत नळी विसळतांना चुकून पडलें, तरी जवळ जवळ सारी मर्यादा तेवढ्यानेंच संपते. विसळणें झालें तर क्षाररहित पाण्यानें, अगर त्याच द्रावणाच्या पहिल्या भांडेभर धारेनें. ती धार मग फेंकून द्यावी.

येथें गाळणीचा प्रश्न येतो. आमच्या पाहण्यांत पुष्कळ शेतकरी असे आहेत, कीं ज्यांचा गाळणीवर देवासारखा विश्वास आहे. गाळणी धूळ, तंतु, युरियाचे न विरघळलेले खडे अडविते. विरघळलेला क्षार, तेलाचा सूक्ष्म अंश किंवा तांबें ती अडवूं शकत नाहीं. साखर विरघळलेलें पाणी फडक्यांतून कितीहि वेळां गाळलें तरी गोडच राहतें, तसेंच हें. म्हणून खराब द्रावण गाळून चांगलें होत नाहीं. चांगलें द्रावण चांगलें राखणें एवढेंच गाळणीचें काम. त्याच न्यायानें पितळी फूटव्हॉल्व्ह, तांब्याची नळी, जी. आय. पाइप, लोखंडी नरसाळें हीं या कामीं वर्ज्य होत. द्रावण त्यांस खातें, आणि खाल्लेला धातु गाळणींतून बिनदिक्कत पार होतो. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन व स्टेनलेस पोलाद चालतें.

ठिबकच्या जाळीची भोकें सुमारें १३० मायक्रॉन असतात, माणसाचा केंस ७० मायक्रॉनच्या आसपास. गाडींत द्रावण भरतांना वापरण्याची गाळणी १० मायक्रॉनची किंवा त्याहून बारीक घ्यावी. ठिबकच्या गाळणीवर ज्यांचा हात बसला आहे त्यांना वाटेल, कीं नुसती भोकें लहान झालीं, बाकी सारें तेंच. तसें नाहीं. भोक लहान झालें म्हणजे हवेचा स्वभाव बदलतो, आणि या लेखाचा मुख्य विषय तोच आहे.

ओल्या बारीक छिद्रांत द्रवाचा पापुद्रा ताणून धरलेला असतो. मोठ्या जाळींतून हवेचा बुडबुडा हा पापुद्रा सहज फोडून जातो. १० मायक्रॉनच्या पूर्ण भिजलेल्या छिद्रांतून जाण्यास मात्र हिशेबानें दर चौरस सेंटिमीटरला सुमारें पाव किलो दाब लागतो. आतां पिंप तीन फूट उंच ओट्यावर ठेवून नळीनें उतरविलें, तर त्या उंचीचा दाब येतो एक-दशांश किलोच्या आसपास. अर्थात् हवा गाळणीच्या अलीकडेच अडकून बसते. गाळणीच्या भांड्यांत वरचा अर्धा भाग हवेनें भरला म्हणजे कापडाचा तेवढा भाग रिकामा राहतो, द्रव फक्त खालच्या भागांतून जातो, धार बारीक होते, आणि मालक समजतो कीं गाळणी तुंबली. तो नवी गाळणी आणतो. नवी कोरडी असते. तींत तर अधिकच हवा असते, आणि कांहीं जातींचें कोरडें कापड अल्प दाबानें भिजतहि नाहीं. चांगल्या गाळण्या अशा रीतीनें उकिरड्यावर जातात.

उपाय डिझेल इंजिन वापरणाऱ्यास परका नाहीं. डिझेल संपून इंजिननें एअर धरली, म्हणजे फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून, फेंस जाऊन स्वच्छ डिझेल येईपर्यंत आपण हवा काढतों. येथेंहि डोक्यावर हवा काढण्याचा स्क्रू असलेलेंच भांडें घ्यावें व तें उभें बसवावें. आडवें बसविलें तर हवा स्क्रूपाशीं न येतां कोपऱ्यांत दडते. नवी गाळणी बसवितांना स्क्रू मोकळा ठेवून द्रावण सावकाश येऊं द्यावें. बुडबुडे थांबून अखंड धार लागली कीं स्क्रू आंवळावा व सांडलेलें लगेच ओल्या फडक्यानें पुसावें. पुसलें नाहीं तर पाणी उडून तेथें युरियाचे पांढरे खडे जमतात, पुढच्या खेपेस ते वायसरखालीं सांपडतात, आणि त्याच फटींतून पुन्हां हवा शिरते.

हवा शिरते कोठून, हेंहि पाहिलें पाहिजे. पंपाच्या पुढें, म्हणजे दाबाच्या बाजूस, सांधा सैल असेल तर द्रावण गळतें व तें दिसतें. पंपाच्या मागें, ओढीच्या बाजूस, सैल सांधा गळत नाहीं. तो गुपचूप हवा ओढतो. थेंबभर ओल नाहीं म्हणून ती क्लिप निर्दोष मानण्याची चूक फार जण करतात. यासाठींच आमचें मत असें, कीं बारीक गाळणी नेहमीं पंपाच्या पुढें लावावी. ती मागें लावली तर पंपास ओढ अधिक पडते, ओढ पडली कीं सांध्यांतून हवा येते, आणि आलेली हवा गाळणींत कोंडून ओढ आणखी वाढते. मागें फार तर खडे अडविण्यापुरती मोठी जाळी असावी. ओढीच्या नळीचें तोंड पिंपाच्या तळापासून दोन बोटें वर ठेवावें, व द्रावण त्या तोंडाच्या खालीं जाण्याआधींच पंप बंद करावा. शेवटच्या दोन लिटरांच्या लोभानें साऱ्या नळींत हवा भरून घेणें हा तोट्याचा व्यवहार आहे.

हवा नको म्हणून पिंपाचें बूच घट्ट लावून बसणारेहि आढळतात. जेवढें द्रावण बाहेर जातें तेवढी हवा पिंपांत आलीच पाहिजे. नाहीं तर पिंपाच्या कुशी आंत ओढल्या जातात व पंप अडखळूं लागतो. फक्त ती हवा गाळून यावी. मोकळें बूच ठेवलें तर गळिताच्या दिवसांतील रस्त्यांची धूळ आंत जाते; कारखान्याच्या आसपास तर बॉयलरची उडती राखहि, आणि बगॅसच्या राखेंत पोटॅशचा अंश असतोच. बुचांत बसणारी हवेची छोटी गाळणी मिळते, ती बसवावी. तीवर द्रावण उडून खडे धरले तर ती बंद पडते, म्हणून महिन्यांतून एकदां पाहावी.

गाडीच्या अंगच्या गाळणीस हेच नियम लागतात, परंतु तेथें हात घालण्याआधीं गाडीचें पुस्तक पाहावें. बहुतेक गाड्यांत नवी गाळणी बसविल्यावर पंप आपणच हवा काढून दाब धरतो. त्यास थोडा वेळ द्यावा लागतो. टाकी कोरडी पडूं दिली तर नळ्यांत हवा भरते, दाब येत नाहीं, सूचनेचा दिवा लागतो आणि कांहीं अंतरानंतर गाडी आपली शक्ति आपणच कमी करते. कित्येक गाड्यांत किल्ली बंद केल्यावर एकदोन मिनिटें पंप उलटा फिरून नळींतील द्रावण टाकींत परत ओढतो. घाईनें बॅटरीचा मुख्य खटका लगेच तोडला तर द्रावण गरम तोटींत राहून वाळतें व खडे धरतें. ड्रायव्हरास ही एक गोष्ट समजावून सांगितली तरी पुष्कळ खर्च वांचेल.

सांठा किती करावा, याबद्दल आमचें मत असें, कीं दोन महिन्यांच्या गरजेपलीकडे करूं नये. हें द्रावण २५ अंश सेंटिग्रेडपर्यंत दीड वर्ष, ३० अंशांत एक वर्ष व ३५ अंशांत सहा महिने टिकतें असें धरतात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्यें पारा ४० च्या वर जातो व पत्र्याच्या शेडखालीं त्याहूनहि वर. पिंप झाडाच्या सावलींत नव्हे, तर भिंतीच्या आड, उन्हाची तिरीप न पोंचेल अशा जागीं ठेवावें. झांकण उघडतांच नवसागरासारखा उग्र वास आला, तर तें द्रावण गाडींत घालूं नये.

एक शेवटची सूचना. पेट्रोलपंपावरील यंत्राची युरियाची तोटी १९ मिलिमीटरची, डिझेलच्या तोटीहून बारीक असते. वस्तीवर कॅन व नरसाळ्यानें भरणाऱ्यास असलें कोणतेंहि रक्षण नाहीं. अंधारांत द्रावण डिझेलच्या टाकींत पडलें तर किल्ली फिरवूं नये. द्रावण डिझेलहून जड असल्यामुळें तळाशीं बसतें व इंजिन चालू करतांच प्रथम तेंच ओढलें जातें. टाकी उतरवून पूर्ण धुवून घेईपर्यंत गाडी जागेवरच उभी ठेवावी. उलट, द्रावणाच्या टाकींत डिझेल गेलें तर तें वर तरंगतें. तेव्हांहि गाडी न हलवितां वर्कशॉपच्या माणसास बोलावावें, आणि डिझेलचें नरसाळें व युरियाचें नरसाळें निरनिराळ्या रंगाचें, निरनिराळ्या खिळ्यास टांगलेलें असावें.