खाडीच्या अलीकडची कोरी बाजू

भिवंडीहून ठाण्याला निघालो की कशेळीचा पूल लागतो. पुलाखालून उल्हास नदी जाते आणि पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. पावणेपाचशे वर्षांपूर्वी हे पाणी म्हणजे दोन सत्तांमधली सीमा होती. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातली बेटे पोर्तुगीजांना लिहून दिली, तेव्हापासून पलीकडची साष्टी त्यांची झाली. अलीकडे कल्याण-भिवंडीवर निजामशाही, मग आदिलशाही आणि १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराज. युरोपात निघालेले आपल्या किनाऱ्याचे जुने नकाशे पाहायचे तर ते भिवंडीच्या बाजूने पाहावेत. त्यांत काय नाही, ते इथूनच नीट कळते.

या नकाशांचा आजा म्हणजे टॉलेमी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून त्याने गावांची यादी अक्षांश-रेखांशांसह केली. तीत आपले सोपारा आहे, चौल आहे. ‘हेप्टेनेशिया’ नावाचा सात बेटांचा पुंजका आहे, त्याला अनेक अभ्यासक मुंबईची बेटे मानतात. कल्याणचा उल्लेख तर त्याच्याही आधीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सापडतो. तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असा इशारा त्यात व्यापाऱ्यांना दिला आहे. टॉलेमीचा ग्रंथ पंधराव्या शतकात लॅटिनमध्ये आला, १४७७ मध्ये बोलोन्यात नकाशांसह छापला गेला आणि युरोपने आपल्याला पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांनी पाहिले. त्या नकाशात भारताचे द्वीपकल्प जवळजवळ नाहीच. किनारा सपाट पूर्वेकडे जातो आणि खाली तॅप्रोबेन, म्हणजे श्रीलंका, कित्येक पटींनी फुगून बसलेली असते. पुढे तर हे बेट श्रीलंका की सुमात्रा, यावरही घोळ झाला. सेबास्टियन म्युन्स्टरने आपल्या नकाशात सुमात्रालाच तॅप्रोबेन ठरवून टाकले.

असे का व्हावे? अक्षांश काढायला सूर्य किंवा ध्रुवतारा पुरतो. रेखांशासाठी मात्र मूळ ठिकाणी या क्षणी किती वाजले हे कळावे लागते, आणि डोलत्या जहाजावर बिनचूक चालेल असे घड्याळ अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने बनवेपर्यंत नव्हते. त्यामुळे उत्तर-दक्षिण बऱ्यापैकी जमायचे, पूर्व-पश्चिम अंतरे अंदाजाने टाकली जायची.

याला अपवाद ठरावा असा एक माणूस आपल्या किनाऱ्याने गेला आहे. त्याचे नाव जुआंव द कास्त्रो. १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवला जाताना त्याने वाटेतल्या बंदरांची चित्रे काढून घेतली, पाण्याची खोली नोंदवली, खडक कुठे, नांगर कुठे टाकावा हे लिहिले. घारापुरी आणि कान्हेरीची लेणी त्याने पाहिली आणि त्यांची वर्णनेही केली. वसईजवळ त्याच्या लक्षात आले की होकायंत्राची सुई जागा बदलली की वेगळीच कलते, आणि त्याने दोष पाण्याखालच्या खडकांना दिला. आपला काळा बेसॉल्ट लोहयुक्त आहे, हे आज शाळेतही शिकवतात. १५३८ मध्ये ते सुईवरून ताडणाऱ्या या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो, पुढे तो गोव्याचा सत्ताधीश झाला तरीही.

कास्त्रोच्या वह्या हस्तलिखित होत्या आणि राज्याच्या कामाच्या होत्या. बाजारात विकले जायचे ते वेगळे नकाशे. ॲन्टवर्पच्या ऑर्टेलियसने १५७० मध्ये एकाच आकाराच्या नकाशांचा पहिला आधुनिक ॲटलास छापला. पुढच्या शतकात ॲम्स्टरडॅमच्या ब्लाऊ घराण्याने अशा ॲटलासचे भव्य खंड केले. तांब्याच्या पत्र्यावर सगळे उलटे कोरायचे, शाई भरायची, ओला कागद दाबून छाप घ्यायचा आणि वर हाताने रंग द्यायचा. पत्रा महाग, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाई, विकला जाई, दुसऱ्याकडून नक्कल केला जाई. एका कोरक्याची चूक अशी शंभर वर्षे जगे. पूर्वेच्या बेटांभोवती जहाजे, देवमासे, हत्ती काढले जात. ज्या श्रीमंत घरांत हे ॲटलास जात, त्यांना मसाल्याची बेटे डोळ्यांनी बघायची असत, तिथे जायचे नसे.

पण नकाशावरून खरा तंटा पेटला तो आपल्याच पाण्यात. जून १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचा विवाह इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरला आणि मुंबई बेट आंदण म्हणून करारात लिहिले गेले. लंडनमधल्या वरिष्ठांनाही हे बेट नेमके कुठे आहे ते ठाऊक नव्हते. लॉर्ड क्लॅरेंडनने तर ते ब्राझीलच्या जवळ असल्याचे लिहून ठेवले आहे. १६६२ च्या सप्टेंबरात अर्ल ऑफ मार्लबरोचे आरमार मुंबईच्या तोंडाशी आले. सोबत नेमलेला गव्हर्नर सर अब्राहम शिपमन होता. इंग्रजांनी मुंबईबरोबर साष्टी आणि ठाणेही मागितले. पोर्तुगीज वकिलाने राजाला दाखवलेल्या नकाशात हे सगळे एकत्रच होते, असा त्यांचा दावा होता. पोर्तुगीज गव्हर्नर आंतोनियो द मेल्लो द कास्त्रो याने साष्टी तर नाकारलीच, मुंबईही दिली नाही. ज्याने साष्टीची भातशेती आणि ठाण्याचा नाका पाहिला होता, तो हे सहजी का सोडेल? शिपमन आपल्या सैनिकांसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन थांबला. तिथे रोगराईने त्याची बहुतेक माणसे मेली आणि १६६४ मध्ये तोही गेला. फेब्रुवारी १६६५ मध्ये त्याचा सचिव हम्फ्री कुक याच्या हाती मुंबई आली, तीही नुसते बेटच. तीन वर्षांत राजाने ती वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. साष्टीसाठी इंग्रजांना १७७४ पर्यंत थांबावे लागले. त्याआधीच, १७३७ मध्ये, ती मराठ्यांनी घेतली होती आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईही.

आता खाडीच्या अलीकडे पाहू. १६३५ मध्ये आंतोनियो बोकारोने पोर्तुगालच्या राजासाठी पूर्वेकडच्या ठाण्यांचा ग्रंथ लिहिला, त्यातली चित्रे पेद्रो बारेतो द रेझेंदेची. वसईचा कोट त्यात बुरुजांसह आहे. तट जिथे संपतो तिथे त्या पुस्तकाचा रसही संपतो. युरोपात छापलेल्या आशियाच्या बहुतेक नकाशांतही चौल, दाभोळ, गोवा ठसठशीत असतात, आणि खाडीत आत शिरल्यावर लागणारी भिवंडी शोधत बसावी लागते. गलबताच्या डोलकाठीवरून जे दिसले, ते कागदावर आले.

आणि नेमके याच कोऱ्या बाजूला मराठ्यांचे आरमार जन्माला येत होते. कल्याण-भिवंडी हाती येताच महाराजांनी तिथे जहाजे बांधायला घेतली. जंगलाचे लाकूड जवळ, खाडी आतपर्यंत, आणि शत्रूच्या तोफांपासून गोदी दूर. १६५९ च्या पोर्तुगीज कागदपत्रांत सिद्दीविरुद्ध बांधल्या जाणाऱ्या वीस जहाजांची काळजी उमटली आहे. कामावर रुई लैतांव व्हियेगास हा पोर्तुगीज आणि त्याच्या हाताखाली शेकडो कारागीर होते. वसईच्या कप्तानाने चक्रे फिरवली आणि ते काम सोडून निघून गेले. समुद्राकडे जाणारे पाणी वसईच्या तोफांखालून जात होते, म्हणून पोर्तुगीजांना ही जहाजे एक-एक करून मोजावीशी वाटली.

प्रामाणिक कोरेपणाही असतो. फ्रेंच नकाशाकार द’आन्व्हिल याने १७५२ च्या भारताच्या नकाशात जिथली माहिती खात्रीची नव्हती, तिथे कागद मोकळा सोडला. त्याआधीचे लोक अशा जागी हत्ती काढत. आपल्याकडेही नकाशे होते, मोडीत नावे लिहिलेले, गड-नद्या-घाट दाखवणारे. सूझन गोल यांच्या १९८९ च्या ‘इंडियन मॅप्स अँड प्लॅन्स’ या ग्रंथात मराठ्यांचे असे नकाशे पाहायला मिळतात. त्यांत अंतराचे प्रमाण सैल असते, पण देशाकडून कोकणात उतरणाऱ्या माणसाला हवे ते असते. आपल्या शाळांनी हे दोन प्रकारचे नकाशे शेजारी ठेवून मुलांना दाखवावेत, असे मला फार वाटते.

मूळ कागद पाहायचे तर मुंबईची एशियाटिक सोसायटी आहे, आणि घरबसल्या पाहायचे तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘गॅलिका’ व डेव्हिड रम्झी यांचा संग्रह विनामूल्य खुले आहेत. तिथे सतराव्या-अठराव्या शतकातला या किनाऱ्याचा एखादा नकाशा उघडा. आधी वसई शोधा, तिथून खाडीने ठाण्यापर्यंत या. मग कामवारी नदी खाडीला कुठे मिळते ते आठवून पाहा, आणि कोरक्याने त्या जागी काय कोरले आहे ते वाचा.