मूल मोबाइलवर चिडतं तेव्हा : गेममधल्या बारीक त्रासांमागचं गणित



"गेम खेळून पोरगं चिडकं झालं," ही तक्रार पालकसभेत हमखास ऐकू येते. उपायही ठरलेला, मोबाइल काढून घ्या. पण पोर नेमकं कशावर चिडलं, हे आपण क्वचितच विचारतो. हरल्याचा राग वेगळा आणि गेमने छळल्याचा राग वेगळा. हा फरक आपल्याला कळला तर मुलांशी बोलणं सोपं जातं.

आधी साधं उदाहरण घेऊ. सापशिडीत शेवटच्या ओळीतला साप गिळतो तेव्हा वाईट वाटतंच. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटातही साप होतेच. पण तिथे साप कुठे आहे हे पटावर सगळ्यांना दिसतं, आणि नियम सगळ्यांना सारखा असतो. याला खेळाचा अवघडपणा म्हणायचं. तो मुलांना हवाच असतो. त्रास वेगळा असतो. तो कसा, ते पाहू.

१) मध्येच थांबता येत नाही
फ्री फायर, बीजीएमआय यांसारख्या गेममध्ये एकाच वेळी अनेक जण इंटरनेटवरून खेळतात. एकासाठी सगळा डाव थांबत नाही. डाव दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चालतो. आई जेवायला हाक मारते तेव्हा "थांब नं व माय, आता बंद नाई होत" असं उत्तर येतं. ते दरवेळी उर्मटपणाचं नसतं. मध्येच सोडलं तर सोबत्यांचाही डाव बिघडतो. म्हणून "आत्ताच्या आत्ता बंद कर" यापेक्षा "हा डाव संपला की बंद, नवा सुरू करायचा नाही" हे सांगणं जास्त लागू पडतं.

२) जीव संपले, वाट पाहा
कँडी क्रशमध्ये ५ जीव मिळतात. एक जीव परत यायला ३० मिनिटं लागतात. म्हणजे सगळे जीव भरायला किती वेळ? ५ × ३० = १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास. हे उदाहरण गणिताच्या तासाला जरूर घ्या. थांबायचं नसेल तर पैसे भरा, असा पर्याय समोरच असतो. आधी वाट पाहायला लावायची, मग ती टाळण्याचे पैसे मागायचे.

३) जाहिरात आणि बारकी फुली
जाहिरात बंद करायची फुली कोपऱ्यात, इतकी लहान की बोट बाजूला पडतं आणि दुसरंच ॲप उघडतं. मोठ्यांचीही फजिती होते, मग दुसरीतल्या मुलाचं काय?

४) नाणी आणि हिरे
किंमत रुपयांत न दाखवता हिऱ्यांत दाखवली की खरा खर्च लक्षात येत नाही. शिवाय हिरे ठरावीक गठ्ठ्यांत मिळतात, म्हणून थोडे उरतात आणि पुन्हा घ्यावेसे वाटतात.

५) सूचना परक्या भाषेत
मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानलं जाणारं 'लीळाचरित्र' ज्या रिद्धपुरात आकाराला आलं, तिथलीच मुलं गेममधली इंग्रजी बटणं अंदाजाने दाबतात. "विकत घ्या" आणि "पुढे जा" यांतला फरक वाचता येत नसेल, तर त्या बटणावरची संमती खरी कशी मानायची?

हे सगळं चुकून झालेलं नसतं. फुकट गेम चालतो तो जाहिराती आणि आतल्या खरेदीवर. मूल जितकं अडतं, तितकी कमाईची संधी वाढते. अमेरिकेत फोर्टनाइट गेमच्या बटणांची रचना अशी गोंधळाची होती की नको असताना खरेदी व्हायची. त्याबद्दल एपिक गेम्स ही कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये २४.५ कोटी डॉलर परताव्यासाठी द्यायला तयार झाली. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात आणि त्यांचे १३ प्रकार यादीत आहेत. खोटी घाई करणं, सारखं टोचत राहणं, जाहिरात लपवून दाखवणं हे त्यातलेच. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मग आपण काय करायचं?

• प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून ठेवा. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका.
• लहान मुलांना इंटरनेट बंद ठेवूनही चालणारे गेम द्या. जाहिराती बऱ्याच कमी होतात.
• एकदा मुलाशेजारी बसून पूर्ण डाव पाहा. कुठे अडतं, कुठे चिडतं, ते कळेल.
• वर्गात लेखनाला विषय द्या : 'माझ्या आवडत्या गेममधली मला खटकणारी एक गोष्ट आणि मी ती कशी बदलेन'. एरवी दोन ओळींवर थांबणारी मुलंही या विषयावर भरभरून लिहितात.

या लेखनाचा खरा फायदा पुढे दिसतो. "हा गेम अवघड आहे" आणि "हा गेम मला मुद्दाम अडवतोय" हे ज्या मुलाला वेगळं करून सांगता आलं, ते मूल पैसे मागणारं बटण दाबण्याआधी एकदा थांबतं. मोबाइल हिसकावून ही सवय लागत नाही, ती शिकवावीच लागते.